नऊच्या आत : सर थॉमस मोर यांच्या अखेरीचा घटनाक्रम

मंगळवार, ६ जुलै १५३५. सकाळी नऊच्या सुमारास लंडनमधल्या टॉवर हिलवर कुऱ्हाडीच्या एकाच घावात सर थॉमस मोर यांचे शिर धडावेगळे झाले. जेमतेम तीन वर्षांपूर्वी ते इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर होते. राजमुद्रा त्यांच्या हवाली असे. ज्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये बसून त्यांनी न्याय दिला, तिथेच उभे करून त्यांना देहदंड सुनावण्यात आला.

मोर यांनी कट केला नव्हता, सैन्य जमवले नव्हते, राजाविरुद्ध एक पत्रकही काढले नव्हते. ते गप्प राहिले होते. कायदा कोळून प्यायलेला हा माणूस कायद्याच्याच आडोशाला गप्प उभा राहिला. त्याला तिथून बाहेर ओढायला सत्तेला काय काय करावे लागले, हे पुढच्या तारखा सांगतात.

माणूस कोण होता, हे आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. लंडनच्या मिल्क स्ट्रीटवर जन्मलेला वकिलाचा मुलगा. युरोपभर ज्याच्या विद्वत्तेचा दबदबा होता त्या इरॅस्मसचा जिवलग मित्र. इरॅस्मसने ‘मूर्खपणाची स्तुती’ हे आपले गाजलेले पुस्तक १५०९ साली लिहिले ते मोर यांच्या घरी राहून. १५१६ मध्ये मोर यांचे ‘युटोपिया’ प्रसिद्ध झाले. त्यातला कल्पित बेटाची हकिकत सांगणारा पोर्तुगीज प्रवासी आपल्या कालिकतला पोचतो आणि तिथून जहाज पकडून मायदेशी परततो. मुलींना मुलाच्या बरोबरीने लॅटिन आणि ग्रीक शिकवणारा हा बाप होता. थोरली मार्गारेट तर विद्वान म्हणूनच ओळखली जाई.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मोर चॅन्सेलर असताना इंग्लंडमध्ये सहा जणांना पाखंडी ठरवून जिवंत जाळण्यात आले आणि त्या शिक्षेचे त्यांनी लेखणीने समर्थन केले.

१६ मे १५३२ : तीन वर्षे आधी

आठव्या हेन्रीला राणी कॅथरिनपासून झालेला एकही मुलगा जगला नव्हता. त्याला ॲन बोलिनशी लग्न करायचे होते आणि पोप पहिले लग्न रद्द ठरवत नव्हता. तेव्हा हेन्रीने इंग्लंडचे चर्च पोपच्या हातून काढून स्वतःच्या हाताखाली आणायला घेतले. १५ मे रोजी धर्मगुरूंच्या सभेने राजापुढे मान तुकवली. दुसऱ्याच दिवशी मोर यांनी राजमुद्रा परत केली. कारण सांगितले प्रकृतीचे. पुढच्या वर्षी १ जूनला ॲनचा राज्याभिषेक झाला, त्याला ते गेले नाहीत. त्यावर त्यांनी जाहीरपणे चकार शब्द काढला नाही, पण त्या गैरहजेरीचा अर्थ दरबाराला कळला.

सोमवार, १३ एप्रिल १५३४, सकाळ : पंधरा महिने आधी

नव्या वारसा कायद्याने ॲनची संतती गादीची वारस ठरली आणि प्रजेने तशी शपथ घ्यावी असे फर्मान निघाले. मोर यांना लॅम्बेथ राजवाड्यात हजर राहण्याचा हुकूम आला.

एरवी ते चेल्सीच्या घरून निघाले की बायकामुले थेम्सच्या काठापर्यंत पोचवायला येत आणि नावेपाशी निरोप होई. त्या सकाळी मोर यांनी बागेचे फाटक पाठीमागे ओढून घेतले आणि सगळ्यांना आतच ठेवले. नावेत बसले ते, जावई विल्यम रोपर आणि चार नोकर. बराच वेळ मोर विचारात बुडालेले होते. मग एकदम रोपरच्या कानाशी लागून म्हणाले की, लढाई जिंकली, देवाचे उपकार. रोपरला तेव्हा त्याचा उलगडा झाला नाही. घरच्यांच्या मायेने आपला निश्चय डळमळेल ही धास्ती मोर यांना होती, आणि ती लढाई फाटकाशीच संपली होती.

लॅम्बेथला आर्चबिशप क्रॅन्मर, नवे चॅन्सेलर ऑडली आणि राजाचा उजवा हात थॉमस क्रॉमवेल वाट पाहत होते. मोर यांनी शपथेचा मसुदा मागून घेतला, मग मूळ कायदा मागितला आणि दोन्ही शब्दन् शब्द ताडून पाहिले. गादीचा वारस ठरवणे पार्लमेंटच्या हातात आहे, तेवढ्यापुरती शपथ घेईन. या मसुद्यातली मात्र घेता येणार नाही, त्याने माझा आत्मा संकटात येईल, असे ते म्हणाले. कारण विचारले तेव्हा ते सांगायला त्यांनी नकार दिला. चारच दिवसांनी, १७ एप्रिलला, ते टॉवर ऑफ लंडनमध्ये बंदिवान झाले.

१ फेब्रुवारी १५३५ : पाच महिने आधी

चर्चचा सर्वोच्च प्रमुख राजाच, असा कायदा नोव्हेंबरमध्ये झाला होता. आता राजद्रोहाचा नवा कायदा लागू झाला. राजाची कोणतीही पदवी दुष्ट हेतूने, नुसत्या तोंडी शब्दांनी नाकारली तरी देहदंड. मोर यांना आपली जागा नेमकी कळली. जो बोललाच नाही, त्याने नाकारले असे कसे म्हणणार?

तुरुंगाचा खर्च कैद्याच्या घरच्यांनीच भरायचा होता. मोर आणि त्यांचा नोकर यांच्यासाठी आठवड्याला पंधरा शिलिंग पडत. मोर यांच्या दुसऱ्या पत्नी ॲलिस यांना त्यासाठी अंगावरचे कपडे विकावे लागले. त्या भेटायला आल्या तेव्हा नवऱ्यावर चांगल्याच करवादल्या. घरी ग्रंथालय आहे, बाग आहे, माणसे आहेत. सगळे बिशप आणि पंडित जे करून मोकळे झाले ते केले की सुटका, मग या उंदराघुशींत कशाला राहायचे? मोर यांनी विचारले की, ही खोली स्वर्गाला आपल्या घराइतकीच जवळ नाही का? ॲलिस यांना ते मुळीच पटले नाही. त्यांचे म्हणणे व्यवहाराचे होते आणि जवळजवळ साऱ्या इंग्लंडचेही तेच होते.

मंगळवार, ४ मे : नऊ आठवडे आधी

मार्गारेट वडिलांना भेटायला आलेली असतानाच खिडकीखालून मठातले संन्यासी टायबर्नच्या वधस्थळाकडे नेण्यात आले. राजाला चर्चचा प्रमुख मानायला त्यांनी नकार दिला होता. तरुणपणी मोर स्वतः लंडनच्या कार्थुसियन मठाच्या आश्रयाने काही वर्षे राहिले होते; त्याच मठाचे प्रमुख जॉन हाउटन या कैद्यांमध्ये होते. मोर यांनी लेकीला ते दाखवले. बोहल्यावर चढायला निघालेल्या नवरदेवासारखे हे आनंदात चालले आहेत, असे ते म्हणाले. तीनच दिवसांनी अधिकारी जबाब घ्यायला आले. राजा चर्चचा प्रमुख आहे की नाही? मोर यांनी ना होकार दिला ना नकार.

शनिवार, १२ जून : चोवीस दिवस आधी

राजाचे वकील, सॉलिसिटर जनरल रिचर्ड रिच, मोर यांच्या कोठडीत आले. सोबत सर रिचर्ड साउथवेल आणि पामर नावाचा एक माणूस. काम होते मोर यांची पुस्तके आणि लिहिण्याचे साहित्य काढून नेण्याचे. दोघे पुस्तके पोत्यात भरू लागले आणि रिचने सहज म्हणून गप्पा काढल्या. मोर आणि रिच दोघेही वकील, तेव्हा गप्पांचे वळण वकिली थाटाचे. समजा पार्लमेंटने कायदा करून मला राजा केले, तर तुम्ही मला राजा मानाल का? मानीन, मोर म्हणाले. पण समजा, देव हा देव नाही असा कायदा पार्लमेंटने केला, तर तुम्ही तसे म्हणाल का? तसा कायदा होऊच शकत नाही, रिच म्हणाला.

इथवर दोघांचे एकमत होते. त्यापुढे मोर नेमके काय बोलले, यावर त्यांचा जीव टांगला. रिचने पुढे शपथेवर सांगितले की, राजाला चर्चचा प्रमुख करण्याचा अधिकार पार्लमेंटला नाही, असे मोर म्हणाले. ते शब्द माझे नव्हेत, असे मोर शेवटपर्यंत सांगत राहिले.

मंगळवार, २२ जून : दोन आठवडे आधी

रोचेस्टरचे वृद्ध बिशप जॉन फिशर यांचा टॉवर हिलवर शिरच्छेद झाला. शपथ नाकारणारे ते एकमेव बिशप. पोपने महिन्याभरापूर्वीच त्यांना कार्डिनल केले होते आणि हेन्रीचा राग त्यामुळे आणखी भडकला होता. मोर यांना आता आपला क्रम कळला.

गुरुवार, १ जुलै : पाच दिवस आधी

चौदा महिन्यांच्या कैदेने मोर इतके खंगले होते की, वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये त्यांना बसायला खुर्ची द्यावी लागली. समोरचे न्यायासन पाहण्यासारखे होते. अध्यक्षस्थानी चॅन्सेलर ऑडली. सोबत राणी ॲनचे वडील, तिचा सख्खा भाऊ, तिचे मामा ड्यूक ऑफ नॉर्फोक, आणि ज्याने हा खटला रचला तो क्रॉमवेलही. जिच्या लग्नामुळे हे सारे उद्भवले, तिच्या माहेरची माणसे निवाड्याला बसली होती.

चूक कबूल करा, राजा अजूनही क्षमा करील, अशी सूचना आधी झाली. मोर यांनी आभार मानून ती नाकारली. मग लांबलचक आरोपपत्र वाचले गेले. त्यातला एक आरोप असा की, विचारले असता मोर दुष्ट हेतूने गप्प राहिले. इथे मोर यांनी आपल्याही ओळखीचे वचन पुढे केले : मौन म्हणजे संमती. चर्चच्या कायद्यातले हे सूत्र इंग्लंडच्या वकिलांच्याही तोंडी होते. माझ्या मौनाचा काही अर्थ लावायचाच असेल, तर कायद्याप्रमाणे तो होकाराचा लावावा लागेल, असे ते म्हणाले. शिवाय कायदा शिक्षा करतो ती शब्दाला आणि कृतीला. मनातल्या गोष्टीचा न्याय देवापाशी.

या उत्तराने सरकारपक्ष अडला. मग रिच साक्षीला उभा राहिला आणि त्याने शपथेवर कोठडीतले ते संभाषण सांगितले.

मोर यांनी उलट शपथ घेतली : रिच सांगतो ते खरे असेल तर देवाचे मुखदर्शन मला कधीही न घडो. मग त्यांनी न्यायाधीशांना सरळ विचारले. राजाला सांगितले नाही, त्याने पाठवलेल्या मोठमोठ्या अधिकाऱ्यांना सांगितले नाही, ते मी या माणसाजवळ बोलेन का? याला मी तरुणपणापासून ओळखतो. जुगारी आणि तोंडाचा सैल म्हणून याची ख्याती आहे.

रिचच्या जोडीला साउथवेल आणि पामर यांना उभे करण्यात आले. त्या लहानशा कोठडीत, चार पावलांवर, त्यांनी काय ऐकले? मी पोत्यात पुस्तके भरत होतो, बोलण्याकडे माझे लक्ष नव्हते, असे पामर म्हणाला. मला फक्त पुस्तके नीट हलवण्यासाठी पाठवले होते, मी कान दिला नाही, असे साउथवेल म्हणाला. राजाची मर्जी त्यांनाही कळत होती, पण त्या शब्दांसाठी शपथ घ्यायला ते धजावले नाहीत. संपूर्ण खटल्यातला हा माझ्या मते सर्वांत बोलका क्षण. सरकारने आणलेल्या दोन साक्षीदारांनीही मोर यांच्यासारखाच मौनाचा आसरा घेतला होता.

बारा ज्युरींना पाव तास पुरला. दोषी.

ऑडली लगेच शिक्षा सुनावू लागले. मोर यांनी त्यांना थांबवले. मी न्यायासनावर होतो तेव्हा शिक्षेआधी आरोपीला काही म्हणायचे आहे का, असे विचारायची रीत होती, अशी आठवण दिली. आणि मग, निकाल लागून गेल्यावर, आता राखायचे काही उरले नाही तेव्हा, ते पहिल्यांदाच मोकळेपणाने बोलले. एकट्या लंडन शहराला जसा साऱ्या देशाच्या पार्लमेंटविरुद्ध कायदा करता येत नाही, तसा एका देशाला साऱ्या ख्रिस्ती जगाच्या चर्चविरुद्ध करता येत नाही. चर्चला स्वातंत्र्य देण्याचे वचन मॅग्ना कार्टातच आहे. तुमच्या बाजूला एक बिशप असेल तर माझ्या बाजूला शंभराहून अधिक संत आहेत. शेवटी त्यांनी न्यायाधीशांसाठी प्रार्थना केली. संत स्टीफनला दगडांनी मारले तेव्हा पॉल मारेकऱ्यांच्या बाजूला होता, तरी आज दोघे स्वर्गात एकत्र आहेत. तसे आपणही तिथे आनंदाने भेटू.

शिक्षा झाली ती फाशी, पोट फाडणे आणि देहाचे चार तुकडे करणे अशी. राजाने नंतर ती शिरच्छेदावर आणली.

त्याच दिवशी, टॉवरचा धक्का

टॉवरचे प्रमुख सर विल्यम किंग्स्टन हे मोर यांचे जुने स्नेही. त्यांना निरोप देताना ते रडू लागले, तेव्हा मोर यांनीच त्यांची समजूत घातली. धक्क्यावर मार्गारेट वाट पाहत होती. भाले-परशू घेतलेल्या शिपायांच्या गराड्यात ती भर गर्दीतून घुसली आणि वडिलांच्या गळ्यात पडली. मोर यांनी आशीर्वाद दिला, दोन धीराचे शब्द सांगितले. ती निघाली, दहा पावले गेली असेल-नसेल तोच पुन्हा वळली, पुन्हा गराड्यात शिरली, पुन्हा बिलगली. बघ्यांतल्या कित्येकांचे डोळे पाणावले.

सोमवार, ५ जुलै : एक दिवस आधी

लेखणी आणि शाई जप्त झाली होती. मोर यांनी कोळशाच्या तुकड्याने मार्गारेटला शेवटचे पत्र लिहिले. तत्त्वचर्चा त्यात नाही, निरवानिरव आहे. एका मुलीला रुमाल, दुसरीला चर्मपत्रावरचे चित्र. घरात लेकीसारखी वाढलेली मार्गारेट गिग्ज, तिला गणिताची पाटी. धक्क्यावर लोकलाजेची पर्वा न करता तू मला बिलगलीस, तशी तू मला कधीच इतकी आवडली नव्हतीस, असे थोरल्या लेकीला कळवले. उद्याच मरण यावे अशी इच्छाही लिहिली, कारण उद्या संत थॉमसच्या सणाची पूर्वसंध्या होती. हा थॉमस म्हणजे आर्चबिशप बेकेट, ज्याला ११७० साली दुसऱ्या हेन्रीच्या सरदारांनी चर्चमध्ये ठार मारले होते.

पत्राबरोबर त्यांनी आपला खरखरीत केसांचा अंगरखाही पाठवला. वर्षानुवर्षे तो ते कपड्यांच्या आत, कुणाला कळू न देता घालत. ते गुपित मार्गारेटकडे होते. तो धुण्याचे काम तिच्याच देखरेखीखाली चाले.

मंगळवार, ६ जुलै, भल्या सकाळी : काही तास आधी

राजाचा निरोप घेऊन सर थॉमस पोप आले. हेही स्नेहीच. नऊच्या आत मरणाला तयार राहा, आणि वधमंचावर फार बोलू नका, अशी राजाची इच्छा आहे. मोर यांनी निरोपाबद्दल आभार मानले. बोलायचे काही मनात होते, पण राजाची आज्ञा पाळीन, म्हणाले. दफनाला मार्गारेटला येऊ द्यावे एवढेच त्यांनी मागितले. पत्नी, मुले, मित्र सगळ्यांना परवानगी आधीच मिळाली आहे, असे पोप यांनी सांगितले आणि निघताना त्यांना रडू आवरेना.

हेन्रीने मोर यांना बोलत नाहीत म्हणून पकडले होते. आता ते बोलतील याची त्याला धास्ती होती.

नऊ वाजायच्या सुमारास : निघताना

मोर यांनी ठेवणीतला रेशमी झगा चढवला. लुक्काचे व्यापारी अँटोनिओ बोनविसी यांनी तो तुरुंगात पाठवला होता. मारेकऱ्याला मृताचे कपडे मिळत, म्हणून टॉवरचे उपप्रमुख तो उतरवायचा आग्रह करू लागले; असला माणूस या झग्याच्या लायकीचा नाही, म्हणाले. आज जो माझ्यावर एवढे उपकार करणार आहे त्याला हा का देऊ नये, असे मोर यांनी विचारले. शेवटी उपप्रमुखांचा शब्द राखून त्यांनी जाडाभरडा लोकरी झगा घातला, पण मारेकऱ्यासाठी एक सोन्याचे नाणे आठवणीने पाठवले.

सकाळी नऊ

वधमंच डुगडुगत होता. वर चढताना हात द्या, खाली येताना माझे मी पाहीन, असे मोर म्हणाले. राजाची आज्ञा पाळून लोकांशी थोडकेच बोलले : माझ्यासाठी प्रार्थना करा, राजासाठी करा, मी राजाचा चांगला सेवक म्हणून मरतो आहे, आणि त्याआधी देवाचा. गुडघे टेकून एक्कावन्नावे स्तोत्र म्हटले. मारेकऱ्याला धीर दिला आणि बजावले की, माझी मान आखूड आहे, घाव तिरका पडू देऊ नकोस, तुझ्या नावाला बट्टा लागेल. डोळ्यांवर पट्टी स्वतःच बांधली. एक घाव, आणि संपले.

त्यानंतर

शिर लंडन ब्रिजवर टांगले गेले. महिन्याभराने मार्गारेटने ते मिळवले. धड टॉवरमधल्याच चर्चमध्ये पुरले होते. दहा महिन्यांनी, मे १५३६ मध्ये, ॲन बोलिन आणि न्यायासनावर बसलेला तिचा भाऊ यांचीही शिरे उडाली. जुलै १५४० मध्ये क्रॉमवेल टॉवर हिलवरच मारला गेला. ज्या यंत्राने मोर यांना चिरडले, त्याने ते चालवणाऱ्यांनाही सोडले नाही. १९३५ साली कॅथलिक चर्चने मोर यांना संतपद दिले आणि २००० साली त्यांना राजकारणी लोकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

मला त्यांना संत म्हणायचे नाही. जे मौन त्यांनी स्वतःसाठी मागितले, ते आपल्या अमलाखाली जाळल्या गेलेल्यांना त्यांनी दिले नाही, आणि कोणताही वधमंच हे पुसू शकत नाही. पण मनातले न सांगण्याचा हक्क निर्दोष माणसांपुरता नसतो. तो नसेल तर कायद्याच्या पुस्तकाची किंमत एका रिचच्या जिभेएवढी उरते. आपल्या संविधानाच्या कलम २० (३) ने आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करायला मनाई केली आहे. गप्प बसणारा दोषीच असला पाहिजे, असे आपण जेव्हा सहज बोलून जातो, तेव्हा त्या कलमाची आठवण ठेवावी.

रिचर्ड रिच १५४७ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर झाला, म्हणजे मोर यांच्या जागेवर बसला. त्याच वर्षी पार्लमेंटने हेन्रीचा राजद्रोहाचा कायदा रद्द केला आणि यापुढे राजद्रोहाच्या आरोपाला किमान दोन साक्षीदार हवेत, असे ठरवले. मोर यांच्या खटल्यात एकच होता.